कड्या चार, स्क्रू चोवीस

“साहेब, तुमच्या घरातल्या आतल्या कड्या मी काढून ठेवल्या आहेत. राग नका मानू जी.”

तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोहाच्या झाडाखाली उभा राहून मी हे ऐकलं. त्या गावात मोबाइलला रेंज यायची ती फक्त त्या झाडाखाली, आणि सकाळी सातपासून मी तिथे फेऱ्या मारत होतो त्या दुसऱ्याच एका फोनसाठी.

“काय काढून ठेवलंय?”

“कड्या जी. न्हाणीघराची, संडासची, दोन्ही खोल्यांची. अशा चार. स्क्रूसकट पाकिटात घालून ठेवल्या आहेत.”

“अहो, पण का?”

“ताईंना सगळं माहीत आहे जी. त्यांना विचारा. तिकडे बरं वाटून राहिलं ना? सकाळी पडवीत बसून चहा घ्या, उन्हं थेट...” आणि रेंज गेली.

बोलणारे गृहस्थ म्हणजे प्रभाकर कापगते, साकोलीकडचे निवृत्त पोस्टमास्तर. त्या घडीला ते नाशिकला माझ्या घरात होते आणि मी भंडारा जिल्ह्यात त्यांच्या. माझी बायको सुलभा तेहतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर होती. तिच्या खात्यातल्या निवृत्त मंडळींनी एक टूम काढली होती. चार दिवस आम्ही तुमच्या घरात, तुम्ही आमच्या. फोनवर ठरवायचं, किल्ली शेजारी ठेवायची आणि निघायचं. कापगत्यांना बायकोला घेऊन नाशिकला तिच्या भावाकडे जायचं होतं, आणि तेही लवकर. भावाची एकच खोली, म्हणून आमचं घर. सुलभाला तळं हवं होतं.

“मला कुठेतरी स्वस्थ बसायचंय,” ती म्हणाली होती.

स्वस्थ बसणं मला या जन्मी जमलेलं नाही. पण गाडी हाकायला मिळणार म्हणून मी तयार झालो. नाशिकहून अमरावती, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी नागपूरवरून साकोली. चार दिवस तळ्याकाठी आणि परतताना चिखलदरा, असा बेत होता.

शिवाय मला तिच्याकडून एक ‘हो’ काढायचा होता. मी साखर कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत घरातलं, सोसायटीतलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जे जे बिघडलं होतं ते मी दुरुस्त केलं, आणि जे बिघडलं नव्हतं तेही उघडून पाहिलं. मग दिवाळीत माझ्या जुन्या चीफ इंजिनिअरचा फोन आला. ते युगांडात एका नव्या कारखान्यावर होते. ऊस गाळायचं मिल हाउस उभं करायला त्यांना माणूस हवा होता. दीड वर्ष, एकट्याने, एक जानेवारीला हजर. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते आज लिहितानाही लाज वाटते. चीफनी मला पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत दिली होती, तरी मधूनमधून त्यांचा फोन येत असे, म्हणून ते मोहाचं झाड.

सुलभाला विचारलं की ती एकच सांगायची, “रविवारी. इथून निघताना सांगते.”

सरळ नाही म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

मी तरातरा घरी आलो. सुलभा पडवीत तळ्याकडे तोंड करून वाटाणे सोलत होती.

“तुझा तो पोस्टमास्तर आपल्या घरच्या कड्या उपसून बसलाय.”

“हो, म्हणाले होते ते. काढू द्या.”

“काढू द्या काय? माझ्या हाताने लावलेल्या कड्या आहेत त्या!”

“त्यांच्या बायकोला कड्यांचा त्रास होतो.”

“कड्यांचा त्रास? म्हणजे जीव घाबरतो का तिचा?”

“तसंच समजा,” ती म्हणाली आणि एक वाटाणा तोंडात टाकला. “बसा ना जरा. ते बघा, पाण्यावर काय चाललंय पाखरांचं.”

मी पाहिलं. पाखरं पाण्यावर होती. पाखरांनी आणखी कुठे असायचं?

आता त्या घराविषयी सांगायला हवं. बैठं कौलारू घर, मागे पडवी, पडवीपासून चाळीस-पन्नास पावलांवर तळं. पाण्यात कमळाची पानं आणि शिंगाड्याचे वेल, पलीकडे धान कापून मोकळी झालेली शेतं. दुसऱ्या कुणाला तिथे स्वर्ग वाटला असता. पण त्या घरात जिथे हात लावावा तिथे एक चिठ्ठी होती. टपालाच्या पिशव्यांच्या गळ्याला बांधतात तसली, भोक पाडलेली जाड खाकी चिठ्ठी, सुतळीने बांधलेली. चहाच्या डब्यावर ‘चहा’ हे ठीक. पण मिठावर ‘हे मीठ. साखर नाही.’ शेगडीच्या वर ‘गॅस बंद केला का? पुन्हा बघा.’ कोनाड्यावर ‘चष्मा इथे ठेवायचा.’ झोपायच्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत कमरेइतक्या उंचीवर एक दोरी ताणलेली, आणि तिच्या टोकाला ‘न्हाणीघर. दिव्याचं बटण बाहेर, उजव्या हाताला.’ पुढच्या दाराला आतून एक चिठ्ठी लटकत होती ती मात्र कोरी.

“निवृत्त झाल्यावर माणसं भजनं म्हणतात,” पहिल्या संध्याकाळी मी म्हटलं होतं, “ह्या मास्तराने सगळ्या घराचं पार्सल करून ठेवलंय.”

मला वाटलं होतं ती हसेल. माझ्या असल्या बोलण्याला ती हमखास हसायची. पण ती एकेक चिठ्ठी हातात घेऊन वाचत होती.

“किती सोपं घर आहे,” ती म्हणाली.

शिवाय घराची एक वही होती. पंप कसा चालू करायचा, दूध किती वाजता येतं, सगळं त्यात मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ‘या घरात आतून कड्या नाहीत. दार नुसतं लोटायचं. कोणी येत नाही.’ ती वही सुलभाच्या काखेतून सुटत नव्हती. स्वयंपाकाला उभी राहिली तरी ओट्यावर वही उघडी.

आणि ती खूश होती. हे मला सगळ्यात जास्त लागत होतं. गेले सात-आठ महिने नाशिकच्या घरात तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. किल्ल्या शोधायच्या आणि माझ्यावर चिडायचं. दूध उतू घालवायचं आणि माझ्यावर चिडायचं. सकाळचा पेपर तिने बंदच करून टाकला होता. दिवाळीनंतर हे वाढलं तसं मी सगळं युगांडाच्या खात्यात टाकलं. येताना गाडीतही तेच. आमचा एक जुना खेळ होता. रस्त्यात गावाची पाटी दिसली की मी नाव मोठ्याने वाचायचो आणि ती त्या गावाचा पिनकोड सांगायची. तेहतीस वर्षांत अख्खा महाराष्ट्र तिच्या जिभेवर बसला होता. या वेळी मी “मलकापूर!” म्हणून आरोळी ठोकली, तर ती खिडकीबाहेर बघत राहिली. “खामगाव!” म्हटलं, तर म्हणाली, “गाडीकडे लक्ष द्या.” बाई गाल फुगवून बसली आहे, असं मी धरून चाललो. अकोल्यानंतर मी पाट्या वाचायचं सोडून दिलं.

आणि तीच बाई इथे गुणगुणत होती. मला न विचारता चहा करत होती, तळ्यापर्यंत एकटी जाऊन येत होती, दुपारी गाढ झोपत होती. मी मात्र पाळीवर येरझारा घालत होतो.

कडीचं माझं दुखणं वेगळंच होतं. आयुष्यात मी कडी लावल्याशिवाय आंघोळ केलेली नाही. त्या घरात पहिल्या दिवशी मी भरलेली बादली दाराला टेकवली, तिच्यापुढे पाट घातला आणि अंगावर पाणी घेता घेता सारखा खोकत राहिलो. दुसऱ्या दिवशी कापगत्यांचा तो फोन आला. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी गाडी काढली, साकोलीच्या बाजारातून एक चांगली भक्कम सरकती कडी आणली आणि डिकीतली हत्यारांची पेटी उघडली.

स्क्रू पिळायला लागलो तेव्हा सुलभा मागे येऊन उभी राहिली.

“अहो, नको ना. त्यांनी वहीत लिहिलंय.”

“वही गेली खड्ड्यात. माझ्या घरच्या कड्या काढताना त्याने मला विचारलं होतं? त्याने तिथे चार काढल्या, मी इथे एक लावतो. फिटंफाट.”

“लोकांच्या घरात असं करतात का?”

“लोकांच्या घराचं भलंच करतोय.”

कडी मी माझ्या खांद्याच्याही वर लावली. आमच्या नाशिकच्या घरातही सगळ्या कड्या मीच लावलेल्या, तशाच उंच. कारण मी उंच आहे आणि लावणारा मी. सुलभाने टाचा उंचावून ती एकदा सरकवली, परत मागे घेतली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

“बरं,” ती म्हणाली. “काही ठोकल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही.”

त्या रात्री मला फार छान झोप लागली.

शनिवारी सकाळी सोमाजी आला. तो तिथला ढीवर, तळ्यात शिंगाडे लावायचा आणि मासे धरायचा. रोज पाळीवर मला फेऱ्या मारताना बघून त्याला कीव आली असावी.

“डोंग्यात येता का जी? शिंगाडे काढाले चाललो. बसा, पाय दुखले असन तुमचे.”

मी सुलभाला विचारलं. ती म्हणाली, “जा ना. मी आंघोळ करून घेते, मग धिरडी घालते.” मी गेलो.

खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत तेवढा अर्धा तास मी शांत होतो. सोमाजी बांबूने डोंगा रेटत होता आणि वेलांमधून पाणी वाजत होतं. त्याने एक हिरवा शिंगाडा सोलून हातावर दिला. गोड, करकरीत. मनात आलं, नाही म्हणाली तर नाही. तेही चालेल. पण हा विचार फार टिकला नाही, लगेच वाटलं, हो म्हणालीच तर?

“मास्तर येतात का तुमच्याबरोबर?” मी विचारलं.

“नाई जी. दोन सालं झाली, मास्तर पान्यात आले नाईत. आता तं घरापासून धा मिनिटाच्या वर जातच नाईत. बाईले एकटं कसं टाकतीन?”

“काय झालंय बाईंना?”

“बाई भुलते जी,” सोमाजी म्हणाला. “आधी चिठ्ठ्या-गिठ्ठ्या काई नोयत्या. इंदिराबाई म्हंजे कोन! अख्ख्या गावाची नावं तोंडपाठ. मंग हळूहळू एकेक इसरत गेली. मागच्या साली न्हानीत गेली, आतून कडी लावलन, अन् मंग कडी काढा कशी लागते तेच इसरली. मास्तर बजारात. दोन घंटे बाई आतमंधी. मी अन् माह्या भावानं दार तोडलं. तवापासून मास्तरनं घरात एक कडी ठेवली नाई.”

मला पहिल्यांदा शरम वाटली ती मास्तरांना हसल्याची. निघायच्या आधी कडी काढून भोकं बुजवायची, असं मी मनाशी ठरवलंही. आणि मग, सोमाजी पुढचा वेल उचलत असताना, मला मलकापूर आठवलं. सुलभा खिडकीबाहेर बघत होती ती रुसून नव्हे. ती पाटीकडे बघत होती, पाटी मागे जाईपर्यंत, मान वळवून. किल्ल्या, दूध, पेपर. ओट्यावरची उघडी वही. ‘किती सोपं घर आहे.’

“सोमाजी, डोंगा वळवा.”

“आत्ताच तं आलो जी.”

“वळवा म्हणतो ना!”

बांबू चिखलात रुतायचा, निघायचा, पुन्हा रुतायचा. काठ समोर दिसत होता आणि येत नव्हता. शेवटी मी गुडघाभर पाण्यात उडी टाकली आणि चप्पल चिखलात सोडून धावलो.

न्हाणीघराचं दार बंद होतं. आतून तिचा आवाज येत होता, अगदी काउंटरवरचा, सपाट.

“नाशिक, चार दोन दोन शून्य शून्य एक. अकोला, चार चार चार शून्य शून्य एक. अमरावती, चार चार... चार चार... अमरावती...”

“सुलभा!”

आवाज थांबला.

“दार उघडत नाहीये हो,” ती म्हणाली. “फुगलंय बहुतेक.”

“कडी लागलीय. कडी काढ.”

“कुठली कडी? इथे कड्या नाहीत. वहीत लिहिलंय, या घरात आतून कड्या नाहीत.”

“मी लावली ना काल! वर बघ, वर. डोक्याच्या वर.”

आतून दार दोनदा ओढल्याचा आवाज आला. मग ती फार हळू म्हणाली, “अहो, ओरडू नका. ओरडलात की मला काहीच सुचत नाही.”

दारावर झरोका होता, त्यात काचेच्या आडव्या पट्ट्या. मी स्टूल ओढलं, चढलो आणि एकेक पट्टी सोडवून काढायला लागलो. चौथी पट्टी निघाल्यावर हात आत जाईल एवढी जागा झाली. तो कोपरापर्यंत खरचटला, पण कडीला बोटं लागली. कडी सरकवायच्या आधी खालून तिने माझा पंजा धरला. दोन्ही हातांनी, घट्ट. बर्फासारखे गार हात. मी तसाच लटकून राहिलो, तिने सोडेपर्यंत.

मग पडवीत बसलो. तिच्या अंगावर माझा स्वेटर होता, केसांतून पाणी ठिबकत होतं. पाखरं पाण्यावर होती.

“कधीपासून?” मी विचारलं.

“होळीपासून कळत होतं. पावसाळ्यात मी एकटी जाऊन डॉक्टरांना दाखवून आले. त्यांनी गोळ्या दिल्यात. हळूहळू वाढणार म्हणाले.”

“मला का सांगितलं नाहीस?”

“तुम्ही दुरुस्त करायला निघाला असतात.”

मी टॉवेल आणून तिचे केस पुसायला लागलो.

“आमच्या ग्रुपवर मास्तरांनी इंदिराताईंविषयी लिहिलं होतं, मोकळेपणाने,” ती म्हणाली. “मी फोन केला. ते म्हणाले, चार दिवस येऊन राहून बघा ताई, अशा घरात तुम्हाला कितपत जमतं ते. मला बघायचंच होतं. तुम्ही गेल्यावर माझं मला जमेल का.”

“आणि?”

“जमत होतं हो! तुम्ही बघितलंत की. तीन दिवस सगळं जमलं. गॅस, दूध, औषध, एकटीने तळ्यावर जाणं.” ती रडत नव्हती, रागावली होती. “ती कडी मी लावायचीच नाही असं ठरवलं होतं. चांगलं लक्षात ठेवलं होतं. पण आत गेले आणि हाताने लावली. माझ्या हाताने, मला न विचारता. आपल्या घरातली सवय. मग कुठे बघायचं तेच...”

“सुलभा—”

“उद्या मी तुम्हाला जा म्हणणार होते. खुशाल जा म्हणणार होते.”

कडी मी तेव्हाच काढली. भोकांत लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरला, काचेच्या पट्ट्या परत बसवल्या. हातांना काम हवं होतं म्हणून पुढच्या दाराच्या बिजागरीला तेल दिलं, तेव्हा ती कोरी चिठ्ठी फिरली. मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘इंदू, मी बाजारात गेलोय. तू आपल्याच घरात आहेस. बस, येतोच.’ दोघं नाशिकला निघताना मास्तरांनी ती उलटी करून ठेवली असणार.

रविवारी निघालो. चिखलदऱ्याचं नाव कुणीच काढलं नाही. दोघांचं बोलणं जेमतेम होत होतं. मी मोठा शहाणपणा शिकलो होतो असं कुणी समजू नये. गाडी चालवताना मी हिशेबच करत होतो. दिवसरात्र राहणारी बाई मिळेल. नेदरलँडहून मुलगी तीन महिने येऊन राहील. मी सहा महिन्यांनी एक चक्कर मारीन. दीड वर्ष म्हणजे काय, बघता बघता जाईल. डॉक्टरच म्हणाले ना, हळूहळू. मूर्तिजापूरच्या पाटीशी मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

“वाचा की,” सुलभा म्हणाली. “आलं तर सांगीन.”

मी वाचलं. तिला आलं नाही. पुढचं एक आलं.

सोमवारी संध्याकाळी नाशिकला पोचलो. कापगते दांपत्य दुपारच्या गाडीने परत निघालं होतं. आमची गाठ पडली नाही ती नाहीच. शेजारून किल्ली घेतली, दार उघडलं, दिवा लावला.

माझ्या घरात जिकडेतिकडे खाकी चिठ्ठ्या होत्या. ‘साखर.’ ‘हे मीठ. साखर नाही.’ ‘गॅस बंद केला का? पुन्हा बघा.’ ‘सकाळची गोळी.’ ‘रात्रीची गोळी.’ झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत दोरी, अगदी सुलभाच्या कमरेइतक्या उंचीवर. जेवणाच्या टेबलावर एक जाड पाकीट आणि त्याच्या गळ्याला तसलीच चिठ्ठी. ‘कड्या चार, स्क्रू चोवीस. ताईंनी सांगितल्याप्रमाणे परत लावल्या नाहीत.’

“हे तू सांगितलं होतंस?”

“हो,” सुलभा मागून म्हणाली. “निघायच्या आधीच. मास्तर म्हणाले, तुम्ही माझ्या घरात राहून बघा, मी तुमचं घर लावून देतो. म्हणूनच तर आपली अदलाबदल झाली. नाहीतर तुम्ही तिकडे आफ्रिकेत काळजी करत बसला असतात. तुमचं कामात लक्ष लागायला हवं ना.”

ती हात-पाय धुवायला गेली. दोरीला हात लावत, न अडखळता, आणि दार नुसतं लोटून घेतलं.

मी पुढचं दार बंद करायला वळलो. तिथेही आतून एक चिठ्ठी होती. कोरी नव्हती. कापगते मास्तरांचं तेच टपोरं अक्षर, पण शब्द त्यांचे नव्हते. ते सुलभाने फोनवरून सांगितलेले होते, एकेक.

‘सुलभा, हे कामासाठी आफ्रिकेला गेले आहेत. रागावून गेलेले नाहीत. दर रविवारी फोन येतो.’

मी ती कितीदा वाचली ते मला सांगता येणार नाही. न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. मग मी टेबलावरचं पेन घेतलं, चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला, माझ्या गिचमिड अक्षरात, जमेल तितकं ठळक लिहिलं, ‘सुलभा, मी दूध आणायला गेलोय. दहा मिनिटांत येतो.’

कोपऱ्यावरच्या डेअरीशी उभा राहून मी चीफना फोन लावला. येत नाही म्हणालो. ते म्हणाले, अरे, झालं काय एकाएकी? मी म्हटलं, घरीच काम निघालंय. मग दूध घेतलं आणि आठ मिनिटांत परत आलो.